‘सक्रिय रुग्ण’: महासाथीच्या संकेतस्थळांवरील एका रकान्याची पार्श्वभूमी

दुबईहून परतलेल्या पुण्यातील दांपत्याला कोरोनाची लागण झाल्याचे ९ मार्च २०२० रोजी निष्पन्न झाले आणि राज्यातील पहिल्या रुग्णांची नोंद झाली. त्या घडीला साथीची माहिती लोकांना देण्याची सरकारी रीत प्रसिद्धीपत्रकाचीच होती. १३ मार्चला राज्याने लागू केलेला साथरोग कायदा १८९७चा, म्हणजे मुंबईतील प्लेगच्या दिवसांतला. त्यात तपासणीचे आणि अटकावाचे अधिकार आहेत, पण लोकांपुढे रोजची आकडेवारी ठेवण्याच्या कर्तव्याचा उल्लेख नाही. २००४पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू होते, तरी त्याचा ताल आठवड्याचा आणि वापर मुख्यतः खात्यांतर्गत होता. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यातच गेला, तेव्हाही आकडे लोकांनी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवरच पाहिले.

२०२०मध्ये राज्याचे पत्रक रोज संध्याकाळी पीडीएफ स्वरूपात येऊ लागले. त्यातील तक्ता जिल्ह्यांनुसार सरळ नव्हता. ठाणे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद, लातूर, अकोला आणि नागपूर अशी आठ आरोग्य मंडळे, म्हणजे आरोग्य खात्याने पाडलेले जिल्ह्यांचे गट, आणि त्यांच्या पोटात महापालिका वेगळ्या, उरलेला जिल्हा वेगळा. महसुली विभाग सहा असताना ही आठ मंडळे कोणती, हे बाहेरच्या माणसाला उमगत नसे. एकट्या ठाणे जिल्ह्याचा आकडा काढायचा तर ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महापालिकांच्या ओळी उरलेल्या जिल्ह्याच्या ओळीत मिळवाव्या लागत. शेवटी ‘इतर राज्ये’ अशी एक ओळ असे, जी कोणत्याच जिल्ह्यात बसत नसे. केंद्राच्या संकेतस्थळावर मुख्य तक्ता राज्यनिहाय होता आणि मे २०२०पासून तो दिवसातून एकदाच बदलू लागला. ही पोकळी मार्च २०२०मध्येच स्वयंसेवकांच्या एका गटाने भरून काढली. टेलिग्रामवर जमलेल्या या लोकांनी राज्याराज्यांची पत्रके वाचून आकडे एका सामाईक तक्त्यात उतरवले, संकेतस्थळ उभे केले आणि मूळ माहिती कोणालाही वापरता येईल अशी खुली ठेवली.

या साऱ्या कामात सर्वाधिक गुंता एका शब्दाचा झाला, तो म्हणजे ‘सक्रिय रुग्ण’. हा ‘ॲक्टिव्ह केसेस’चा शब्दशः अनुवाद; मराठीत चळवळीत वा कामात असलेल्या माणसाला सक्रिय म्हणतात, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे विशेषण लावलेले कानाला खटकते. राज्याच्या पत्रकात ‘ॲक्टिव्ह रुग्ण’ असेही छापले जाई, तर इतरत्र ‘उपचाराधीन’ हा शब्द रुळला. तो ऐकायला बरा असला तरी त्यानेच अधिक दिशाभूल केली असे म्हणावे लागते, कारण त्यातून रुग्णालयातील डोकी मोजून हा आकडा काढला असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तो मोजला जात नव्हता, ती वजाबाकी होती: एकूण बाधितांतून बरे झालेले आणि मृत वजा केले की जे उरतील ते सक्रिय.

वजाबाकी असल्यामुळे ‘बरा झालेला’ कोण याची व्याख्या बदलली की हा आकडा आपोआप हलत असे. सुरुवातीला रुग्णाला घरी सोडण्यासाठी चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निगेटिव्ह यावे लागत. ८ मे २०२०च्या सुधारित धोरणानुसार सौम्य लक्षणांच्या रुग्णाला दहा दिवसांनंतर, तीन दिवस ताप नसल्यास, पुन्हा चाचणी न करता सोडता येऊ लागले. २९ मे रोजी राज्याने एका दिवसात ८,३८१ रुग्णांना घरी सोडल्याचे जाहीर केले. बरे झालेल्यांच्या आलेखाकडे पाहताना निकष मधल्या काळात बदलले होते हे माहीत असणे अत्यावश्यक होते. केंद्राच्या तक्त्यात तर बरे झालेले, घरी सोडलेले आणि स्थलांतरित हे तिघे एकाच रकान्यात होते. बाधित असताना अन्य कारणाने दगावलेल्यांची राज्याने वेगळी नोंद ठेवली. ते कोविडचे मृत नव्हते, बरे झालेले नव्हते आणि सक्रिय तर नव्हतेच. जो तीनच रकान्यांवर हिशेब करी, त्याची बेरीज राज्याच्या बेरजेशी जुळत नसे. स्वयंसेवकांनी यासाठी ‘इतर’ असा चौथा रकाना धरला आणि फरक कुठून आला याची तारीखवार टीप जोडली. संकेतस्थळाच्या नकाशांचे आणि आलेखांचे कौतुक बरेच झाले, परंतु त्याची खरी कमाई या टिपा होत्या.

१६ जून २०२० रोजी राज्याने आधीच्या दिवसांतील १,३२८ मृत्यू एकदम एकूण संख्येत मिळवले, त्यांतील ८६२ मुंबईतील होते. हे मृत्यू ज्या दिवशी घडले त्या दिवसांत वाटावेत की जाहीर झाले त्या दिवशी दाखवावेत, असा प्रश्न होता. स्वयंसेवकांच्या संकेतस्थळाने यांतला दुसरा मार्ग घेतला आणि आलेखावर त्या दिवशी एक सुळका उभा राहिला.

एप्रिल २०२१पर्यंत लोकांची गरजच बदलली. खाट आणि ऑक्सिजन कुठे मिळेल, हे शोधणाऱ्या नातेवाइकाला एकूण बाधितांचा आकडा निरुपयोगी होता. त्याला हवी होती ती माहिती शेवटची केव्हा पडताळली याची वेळ. अनेक शहरांच्या खाटांच्या फलकांवर मोकळी दिसणारी खाट फोन लावेपर्यंत भरलेली असे, आणि म्हणून स्वयंसेवकांच्या याद्यांत ‘पडताळणी: सकाळी अमुक वाजता’ ही ओळ पत्त्याइतकीच महत्त्वाची ठरली. १८ वर्षांवरील सर्वांची लसीकरण नोंदणी २८ एप्रिलला सुरू झाल्यावर मोकळ्या वेळा शोधणाऱ्या साधनांचीही भर पडली.

स्वयंसेवकांचे ते संकेतस्थळ ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी थांबवण्यात आले. जमा झालेली माहिती खुली ठेवली गेली, आणि महाराष्ट्राच्या ओळीत ‘इतर’ हा रकाना त्यात आजही वेगळा आहे.