खानदेशातील घरसंसार

खानदेशातील घरसंसार : जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे व त्यांना लागून असलेला मालेगाव-बागलाणचा अहिराणी मुलूख यांत घर चालवण्याची जी रीत आहे, तिची ही नोंद. घरसंसारात स्वयंपाक, पाणी, सारवण, साठवण, सणवार, लेकरे आणि आजारपण हे सगळे येते. शेतीही येते, कारण इथली गृहिणी क्वचितच फक्त घरात होती. खानदेशचा संसार रोजच्या चुलीइतकाच वर्षाच्या बेगमीवर उभा राहिला. उन्हाळ्यात चार महिने राबून पुढच्या आठ महिन्यांची सोय लावायची, हा इथला नेम होता. त्यातले कष्ट आता बरेच कमी झाले आहेत. त्या कष्टांत मिळणारी बायकांची सोबतही कमी झाली आहे.

ब्रिटिश अमदानीतील एकसंध खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. ते पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. घरातली बोली मात्र जिल्ह्याची सीमा पाळत नाही. गिरणा-पांझरेकाठी अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी अशा बोलींतून इथले संसार चालतात.

घर. जुने खानदेशी घर धाब्याचे असे. जाड मातीच्या भिंती, वर सागाची सरे, त्यावर काड्या-पाला पसरून चिकट पांढऱ्या मातीचा सपाट थर. बाहेर उन्हाचा पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी आत गारवा राही. त्या गारव्याची किंमत बाईच्या हातांनी दिलेली असे. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती चढवायची, भेगा बुजवायच्या, आणि झड लागली की गळक्या जागेखाली भांडी मांडून रात्र काढायची. जमीन शेणाने सारवायची, भिंती पोतारायच्या, ओटा झाडून ठेवायचा. उन्हाळ्यातल्या रात्री अख्खे घर धाब्यावर किंवा अंगणात झोपायला जाई. अंथरुणे वर नेणे आणि पहाटे खाली आणणे हेही तिच्याच वाट्याचे काम होते.

पहाट जात्याने होई. आठ-दहा माणसांच्या घरात ज्वारी-बाजरीचे दळण रोज लागे, आणि एकटीच्याने जाते ओढवत नसे. म्हणून सासू-सून, जावा-जावा समोरासमोर बसत. दिवसभर तोंडावर पदर धरून वावरणारी सून जात्यावर मात्र मोकळी होई. माहेर, भाऊ, पंढरी, सासूचा जाच असे काय काय ओवीत येई, आणि सासू ऐकत असली तरी त्याला कुणी हरकत घेत नसे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या शेतकरी गृहिणी. त्या लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. घरात आणि शेतात काम करता करता त्या लेवा बोलीत कविता रचत गेल्या. त्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवल्या आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापल्या गेल्या. खानदेशच्या घरकामाने मराठीला दिलेले हे सर्वांत मोठे देणे आहे. त्याच घराघरांतून इतर हजारो बायकांनी गायलेले बहुतेक कुणी टिपले नाही, याची हळहळ वाटते.

दळणानंतर पाणी. आडावरून, विहिरीवरून किंवा नदीच्या वाळूत झिरा खणून ते आणावे लागे. तापी मोठी नदी खरी, पण तिची दरड उंच आणि पात्र खोल, म्हणून काठच्या गावालाही पाणी हाताशी नसे. मग चूल. तिच्या धुराने डोळे जात. सरपणासाठी कपाशी आणि तुरीच्या काड्या शेतातून गोळा करून, भारे बांधून, परसात रचून ठेवायच्या. गोवऱ्या थापून, वाळवून, पावसापूर्वी आडोशाला लावायच्या. एवढे आटोपून बाई निंदणी-वेचणीला निघे. कपाशीची वेचणी तर बायकांनीच केली आहे. घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतगडी, असेल तर त्याच्या भाकरीचाही हिशेब तिच्याकडे. शेवटी उरलेसुरले स्वतःच्या ताटात घेऊन जेवायचे, ही रीत इतकी रुळलेली होती की तिला अन्याय म्हणायलाही कुणी धजत नव्हते.

वाळवण. खानदेशातील घरकामाचे खरे वैभव फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पाहावे. इथले ऊन कोरडे आणि कडक आहे. सकाळी घातलेला पापड दुपारपर्यंत खणखणीत वाळतो. या उन्हाचा इतका पुरेपूर उपयोग करून घेतला आहे तो इथल्या बायकांनीच.

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलतात. मग तो वाटून, गाळून, निवळायला ठेवतात. तळाशी बसलेले सत्त्व मीठ घातलेल्या आधणात शिजवले की चीक तयार होतो. चीक पहाटेच शिजवावा लागतो, कारण ऊन चढण्याआधी सोऱ्यातून कुरडया पाडून व्हायला हव्यात. हात दुखून येतात, सोऱ्या दाबायला घरातल्या दांडग्या पोराला उठवावे लागते. पण गरम चिकात तेल किंवा साखर घालून खाण्याचा मान त्यालाच पहिला मिळतो. बिबडे हा ज्वारीचा पदार्थ खास इथला. भिजवून आंबवलेली ज्वारी वाळवून दळतात. लसूण, तीळ, मिरची घातलेल्या उकळत्या पाण्यात ते पीठ वैरून घाटा शिजवतात, आणि तो ओल्या कापडावर पाण्याचा हात लावून पातळ थापतात. थापणारीचे बोट भाजते. जाड राहिला तर बिबडा तळताना फुलत नाही, फार पातळ झाला तर कापडावरून सुटताना फाटतो. हे अंदाज पाहून पाहूनच येतात. शिवाय उडदाचे आणि नागलीचे पापड, पाटावर वळलेल्या शेवया, सांडगे, वड्या, आणि कैऱ्या उतरल्या की लोणचे.

उडदाच्या पापडाचे पीठ तेलाचा हात लावून मुसळाने कुटावे लागते. ते एकट्या घराला जमण्यासारखे नाही. म्हणून गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणे घेऊन आज एकीच्या, उद्या दुसरीच्या घरी जमत. मजुरी नसे. चहा, कच्च्या लाट्या आणि उलट फेड एवढाच व्यवहार. या बैठकीत सोयरिकी जुळत, सासुरवाशिणीच्या घरात काय चालले आहे ते चार जणींना कळे. नव्या सुनेचा हात चालतो कसा हेही पारखले जाई, आणि ती पारख नेहमी मायेची असेच असे नाही. कावळे-शेळ्या हाकायला काठी घेऊन बसलेली पोरे अर्धवट वाळलेले पापड खाऊन टाकत. संध्याकाळी सगळे डबे भरले, त्यांची तोंडे कापडाने बांधली, की गृहिणीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते खोटे नव्हते. पाहुणा अवचित आला तरी तिची पत राहणार होती.

मसाल्याचेही तसेच. खोबरे, धणे, मिरची आणि गरम मसाला तळून-भाजून केलेला काळा मसाला वर्षाचा एकदम होतो. प्रत्येक घराची त्याची चव वेगळी. मिरचीसाठी नंदुरबारचा बाजार मोठा आहे. तिथल्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि ती पसरायला, देठे खुडायला मजूर बायका दिवसभर त्या ठसक्यात बसतात. घरच्या डब्यातल्या मसाल्यामागे त्यांचेही हात आहेत.

सण आणि स्वयंपाक. खानदेशात दिवाळीच्या तोडीची मानली जाते ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. शेते रिकामी असतात, सालदाराचे जुने साल संपून नवे ठरते, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. वर्षभर जिला कुणी बस म्हटलेले नसते ती लेक या दिवसांत झोक्यावर बसते. मात्र तिच्यासाठी चुलीपुढे माय आणि वहिनी उभ्या असतात, हेही विसरता येत नाही.

त्या दिवशीचा बेत म्हणजे पुरणाचे मांडे, आमरस, सार, भजी आणि कुरडया. उपडे घातलेले मातीचे खापर चुलीवर तापवतात. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरून तो गोळा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, फिरवत फिरवत वाढवतात आणि खापरावर टाकतात. मांडा हातावर फाटला तर सगळे पुरण आगीत जाते. लाटण्याने ही पोळी होत नाही, आणि ज्या बाईला ती येते तिला लग्नकार्यात शोधून बोलावतात. आता मांडे करून विकणाऱ्या बायकांचा तो चांगला व्यवसायही झाला आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही खानदेशची लोकदेवी, घरात बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. घर धुऊन-पोतारून काढावे लागते. रोटांचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा, स्वयंपाक सोवळ्यासारखा पाळून करावा लागतो, आणि तो भाऊबंदांतच खायचा असतो. अनेक घरांत रोटांसाठी गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या संख्येवर. दळण, पुरण, पूजेची मांडामांड बायकांची आणि मोजणी पुरुषांची, ही गोष्ट खुद्द देवीच्या सणात खटकते. काही घरांनी आता लेकी-सुनाही त्या मोजणीत धरल्या आहेत.

हिवाळ्यात भरीत. जळगावकडची हिरवी-पांढरी भरताची वांगी प्रसिद्ध असून जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वांगी काड्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडजीत ठेचून, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून केलेले भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुरी. हे भरीत शेतात पुरुष मंडळी स्वतः करतात आणि उत्तम करतात. म्हणजे हात चालतात. घरच्या ओट्याशी ते का चालू नयेत, याला उत्तर नाही.

बदल. पिठाची गिरणी गावात आली आणि जाते थांबले. बाईच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा सुटकारा होता, आणि ओव्या त्याच दिवसांपासून विरत गेल्या. त्यामागून नळ, मिक्सर, गॅस आला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांतही सिलिंडर पोहोचला, पण तो पुन्हा भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. धाब्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. गळती आणि माती चढवणे संपले, पण स्लॅबचे घर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते, म्हणून खानदेशात कूलर घरोघर लागला. कूलरला पाणी हवे, आणि इथल्या कितीतरी गावा-शहरांत नळ काही दिवसांच्या अंतराने येतो. पाणी कधी सुटेल यावर लक्ष ठेवणे, टाक्या-पिंपे भरणे, कूलर भरणे हे नवे काम जुन्या घागरीच्या जागी आले आहे, आणि ते बहुधा बाईच करते. नोकरी करणारीही पाण्याच्या दिवशी उशिरा पोहोचते.

वाळवणाचे पुष्कळसे काम आता बचत गटांकडे गेले आहे. महिला आर्थिक विकास महामंडळासारख्या १९७५ पासूनच्या संस्थेने व पुढच्या शासकीय अभियानांनी या गटांना हात दिला. जे पापड-बिबडे गल्लीत फुकट लाटले जात, त्यांचे किलोवर पैसे होऊ लागले. सोबतीचा आनंद काहीसा गटाच्या शेडमध्ये परत आला, आणि त्यात हातात रोख रक्कमही आली. पूर्वी हे दोन्ही एका वेळी मिळत नव्हते.

कामाची मोजदाद. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. स्त्रियांपैकी ८१ टक्के ही कामे करत होत्या, पुरुषांपैकी २६ टक्के. आकडे भारताचे आहेत, पण खानदेशातल्या कोणत्याही गल्लीत ते अनोळखी वाटणार नाहीत. गृहिणीच्या श्रमाला पैशात मोल असते हे सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या खटल्यांत मान्य केले आहे, अलीकडे जानेवारी २०२१ मध्येही. घरातल्या बोलण्यात मात्र ‘ती काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते.

सातपुडा आणि स्थलांतर. वर लिहिलेला बराच भाग मैदानी खानदेशाचा आहे. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या भिल्ल व पावरा कुटुंबांचे घर बांबूच्या कुडाचे, शेणमातीने लिंपलेले, आणि बहुधा स्वतःच्याच शेतात, शेजाऱ्यापासून लांब असते. इथे पाणी म्हणजे डोंगर उतरून झऱ्याला जाणे. मका-ज्वारीची भाकर, मोहफुले, रानभाज्या यांवर घर चालते आणि रानातले काय, कधी, किती खाण्याजोगे हे ज्ञान बाईकडे असते. दसरा-दिवाळीनंतर यांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. चार भांडी, पिठाचे पोते, लेकरे आणि कोंबड्याही गाडीत जातात. फडाच्या कडेला पाचटाची खोपी उभी राहते. तिथे पहाटे तोड, मग मोळ्या, आणि अंधार पडल्यावर स्वयंपाक. बाळंतपणेही तिथेच होतात.

दुसरे स्थलांतर कायमचे आहे. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात कापडाच्या धंद्यामागे गेलेली खानदेशी कुटुंबे आता पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, तशीच नाशिक-पुण्यालाही आहेत. दोन खोल्यांच्या घरात कुरडया वाळवायला जागा नाही. तरी तिथल्या गच्च्यांवर श्रावणात कानबाई बसते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाहून परतणाऱ्या बसगाड्यांत पापड-बिबड्यांचे डबे आणि काळ्या मसाल्याच्या बरण्या मांडीवर धरून बायका बसलेल्या असतात. पुढच्या पिढीतल्या सुना ते डबे कौतुकाने रिकामे करतात, पण घाटा शिजवायला फार थोड्या शिकल्या आहेत. ज्यांनी शिकायचे ठरवले त्यांतल्या काही जणी फोनवर सासूला किंवा मायला चित्र दाखवत, पाण्याचे माप विचारत, गॅसवर तो शिजवतात.