अलॉय फ्रीहब आणि रुतणारी कॅसेट: हा घोळ आला कुठून

सायकलच्या मागच्या चाकावरची कॅसेट, म्हणजे कॉगचा (दातेरी चकत्यांचा) गठ्ठा, बदलायला घेतली, ती दाबून धरणारी लॉकरिंग कडकड करत सुटली, आणि तरी कॉग जागचे हलेनात, हा प्रकार अलॉय फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसते ती अॅल्युमिनियमची बॉडी, वापरणाऱ्यांना कधी ना कधी भेटतोच. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी गंज समजून तेल सोडत बसलो होतो. गंजबिंज काही नव्हता, सुट्या कॉगच्या आतल्या दातांनी बॉडीच्या स्प्लाइनमध्ये (कॉग अडकतात त्या लांब उभ्या कडांमध्ये) खाचा पाडल्या होत्या आणि त्याच खाचांत ते रुतून बसले होते. शेवटी दोन चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेले दांडे) घेतल्या, एकीने मोठा कॉग धरायचा आणि दुसरीने धाकटा उलटा हिसडायचा, असं एकेक करत सोडवलं. बॉडी पुसून उजेडात धरली तर प्रत्येक स्प्लाइनची एकच कड खाल्लेली, दुसरी कड नवीकोरी. 17 आणि 19 दात्यांच्या जागी खाच सगळ्यात खोल, 11 च्या जागी नखाला जेमतेम लागेल एवढी, आणि मोठे कॉग स्पायडरवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या मधल्या भागावर, होते तिथे जवळपास काहीच नाही.

त्यामुळे कोणी विचारलं की अलॉय बॉडीवर कुठली कॅसेट टाकू, तर लोक लगेच मॉडेल नंबर सांगायला लागतात, पण हा त्रास मुळात मॉडेलचा नाहीच. एक आकार एका धातूसाठी ठरला आणि नंतर दुसऱ्याच धातूत बनायला लागला, तिथून हे सुरू झालं.

आट्यांवर फिरवून बसवायच्या फ्रीव्हीलच्या (गिअर आणि क्लच एकत्र असलेल्या गठ्ठ्याच्या) काळाबद्दल फार बोलत नाही. तेव्हा मागचा अॅक्सल उजव्या बाजूला आधाराविना लांब राहायचा आणि वाकायचा, म्हणून क्लच यंत्रणा हबमध्येच (चाकाच्या मधल्या भागातच) घेऊन गिअर वरून सरकवायची कल्पना आली. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकातच असं एक हब निघालं होतं, फ्रेंचांनी 1980 च्या सुमाराला तिरक्या स्प्लाइनचा एक प्रयोग करून पाहिला, पण टिकलं ते शिमानो या जपानी कंपनीचं डिझाइन. 1978 साली युनिग्लाइड आलं. त्यात सगळ्या स्प्लाइन सारख्या, लॉकरिंग नाहीच, शेवटचा छोटा कॉगच आट्यांवर बसून बाकीच्यांना दाबून धरायचा. आणि कॉग एका बाजूने झिजला की उलटा करून परत वापरता यायचा, ही सोय नंतर गेलीच.

1980 च्या दशकाच्या शेवटी त्याच कंपनीने हायपरग्लाइड आणलं. कॉगवर चेन चढायला रॅम्प कोरले, ते रॅम्प एकमेकांसमोर ठरावीक जागीच यायला हवेत म्हणून नऊपैकी एक स्प्लाइन अरुंद केली, म्हणजे कॉग एकाच पद्धतीने बसणार. आपण ज्याला एचजी बॉडी म्हणतो ती हीच. आता या स्प्लाइन उंचीला अगदी कमी आहेत हे बघा. त्याला कारण आहे, बाहेरून सगळ्यात छोट्या कॉगने जागा अडवलेली, आतून बेअरिंग आणि लॉकरिंगच्या आट्यांनी. मधे उरलेल्या धातूत किती उंच स्प्लाइन काढणार. पण बॉडी कडक स्टीलची होती, कॉगही स्टीलचे, त्यामुळे एवढ्या बुटक्या कडासुद्धा पुरल्या. सगळ्यात महागड्या ग्रुपसेटमध्ये (गिअर-ब्रेकच्या पूर्ण संचामध्ये) वजन कमी करायचं तेव्हा या कंपनीने बॉडी टायटॅनियमची केली, अॅल्युमिनियमची नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे कारण आकार ज्यांनी आखला त्यांना त्याची मर्यादा नीट माहीत होती असंच यातून दिसतं.

अॅल्युमिनियम आलं ते बाकीच्या हबवाल्यांकडून, 1990 च्या दशकातल्या वजन कमी करायच्या वेडात. कॅसेट बहुतेकांकडे एचजीच, म्हणून बॉडीचा आकार तोच ठेवला आणि धातू बदलला. स्टीलच्या मानाने वजन अर्ध्याहून कमी, मशीनवर कापायलाही सोपं, कॅटलॉगमध्ये आकडा छान दिसतो. आणि डब्यावर लिहिलं एचजी कम्पॅटिबल.

या कम्पॅटिबल शब्दाने जेवढा गोंधळ घातलाय तेवढा कुठल्याच गिअरने घातला नसेल. कम्पॅटिबल म्हणजे कॅसेट सरकते, लॉकरिंग बसते, गिअर पडतात, एवढंच. कॉग बॉडीला किती जागेवर टेकतात, सुटे किती, जोडलेले किती, याबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही. आणि आपल्याकडे बोलताना तर फ्रीव्हील, फ्रीहब, बॉडी, कॅसेट सगळं एकमेकांत मिसळतं. अलॉय फ्रीहब म्हणताना एकाच्या डोक्यात हबचा बाहेरचा डबा असतो, तो तर जवळपास सगळ्यांचाच अलॉयचा असतो, आणि दुसऱ्याच्या डोक्यात कॅसेट बसते ती बॉडी. तसं पाहिलं तर अलॉय म्हणजे मिश्रधातू, स्टीलसुद्धा त्यातच येतं, पण सायकलवाल्यांच्या भाषेत अलॉय म्हणजे अॅल्युमिनियम हे आता ठरूनच गेलंय. ओळखायची साधी युक्ती म्हणजे कॅसेट काढून बॉडीला चुंबक लावा, चिकटला तर स्टील, मग हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही. (टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, पण ती बॉडी ज्याच्याकडे असते त्याला ती आहे हे चांगलंच माहीत असतं.)

आता जोर किती पडतो त्याचा हिशोब. 75 किलोचा माणूस 170 मिमीच्या क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) आडव्या स्थितीत पूर्ण वजन देऊन उभा राहिला तर क्रँकवर साधारण 125 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो. रोड बाइकवर पुढे 53 आणि मागे 17 दात असतील तर हबपर्यंत पोचतो 40. माउंटन बाइकवर पुढे 22 आणि मागे 34 टाका, तोच माणूस, तोच जोर, आणि हबवर 193. बॉडीची त्रिज्या साधारण 17 मिमी धरली तर स्प्लाइनच्या कडांवर मिळून एक टनाहून जास्त भार होतो. हा भार फक्त एका सुट्या कॉगमधून गेला तर तो कॉग 9 स्पीडमध्ये (मागे नऊ कॉग) 1.78 मिमी जाड, 10 स्पीडमध्ये 1.6. म्हणजे गिअर वाढत गेले तसे कॉग पातळ होत गेले, सुरी धारदार होत गेली म्हणा, आणि खालची बॉडी मऊ झाली. रोडवाले म्हणतात आमच्या बॉडीला तर कधी एवढं होत नाही, ते 40 आणि 193 मधल्या या फरकामुळे.

बरं, 50 दात्यांचे मोठे कॉग आले म्हणून बॉडी जायला लागल्या असं जे बोललं जातं ते मला अर्धंच खरं वाटतं. पुढे 30 आणि मागे 50 केलं तर येतात 208 न्यूटन मीटर, जुन्या 22 ला 34 च्या 193 पेक्षा फार जास्त नाही. खरा फरक मधले कॉग सुटे आहेत की जोडलेले, याने पडतो.

यावर उपाय म्हणून कॅसेटमध्ये दोन गोष्टी झाल्या आणि त्यातली कुठली खरी कामाची यावर अजून वाद चालतो. एक म्हणजे पिन. स्वस्त कॅसेटमध्ये आधीपासूनच कॉगच्या आरपार तीन लांब बोल्ट किंवा रिव्हेट असायचे. ते खरं म्हणजे गठ्ठा एकत्र राहावा, कॉग आणि स्पेसरचा क्रम चुकू नये म्हणून होते. नंतर लोकांच्या लक्षात आलं की पिन घट्ट असतील तर एका कॉगवरचा जोर थोडा शेजारच्यांवरही वाटला जातो. दुसरं म्हणजे स्पायडर, बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा एक जाड मधला भाग, त्याच्या हातांवर दोन-तीन कॉग रिव्हेट केलेले, आणि बॉडीला टेकतो तो स्पायडर. त्याची टेकायची रुंदी एका कॉगच्या कितीतरी पट, शिवाय अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम, त्यामुळे जवळपास रुततच नाही.

पिनवाले म्हणतात की पूर्ण पिन केलेली कॅसेट आणि स्पायडरची कॅसेट यात बॉडीच्या दृष्टीने फरक नगण्य आहे, उगाच महाग कशाला घ्यायची. मला हे पटत नाही. तीन बारीक पिनांचा त्या भोकांमध्ये केसभर जरी खेळ असला तरी पहिल्यांदा कॉगच बॉडीत रुततो, केसभर रुतल्यावर मग पिन जोर घेते. म्हणजे पिन रुतणं थांबवते हे खरं, पण थोडं रुतू दिल्यावर. पिनवाल्या कॅसेटच्या बॉडीवर खाचा दिसतात त्या बारीक आणि एकसारख्या खोलीच्या, सुट्या कॉगसारख्या दोनच जागी खोल नाहीत, त्याचं कारण हेच असावं. त्यांच्या बाजूने एवढं नक्की की पूर्ण सुटी कॅसेट आणि पिनवाली यात पिनवाली कधीही बरी. आणि एकेक कॉग बदलता यावा म्हणून जे लोक रिव्हेट तासून गठ्ठा मोकळा करायचे, त्यांनी अलॉय बॉडीवर तो प्रकार करणं म्हणजे स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवणं.

स्पायडरवाल्या कॅसेटमध्येही सगळं स्पायडरवर नसतं हे मात्र बघून घ्यावं लागतं. जाहिरातीत अलॉय स्पायडर लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात शेवटचे तीनच कॉग त्यावर, बाकी 11 पासून 21 पर्यंत सगळे सुटे. माझा अंदाज असा की 17 पासून पुढचे कॉग जोडलेले असतील तर बॉडी निभावून नेते, त्याच्या खालच्यांवर माणूस पूर्ण वजन देऊन चढत नाही. कॅसेटचा मागून काढलेला फोटो बघा, पुढून काढलेल्या फोटोत सगळ्या कॅसेट सारख्याच दिसतात.

हबवाल्यांकडूनही ठिगळं लागली. कुणी अॅल्युमिनियमच्या स्प्लाइनच्या कडेला स्टीलच्या पट्ट्या बसवल्या, कुणी त्याच हबसाठी स्टीलची बॉडी वेगळी विकायला लागले. शंभर ग्रॅमच्या आसपास वजन वाढतं आणि प्रश्न कायमचा मिटतो, तरी ती घ्यायला कुणी फारसं तयार नसतं, कारण हब हलका म्हणूनच तर घेतलेला असतो.

मधे 2003-04 च्या सुमाराला एक मजेशीर गोष्ट झाली, रोडच्या बाजूला. ज्या जपानी कंपनीने आकार आखला तिनेच वरच्या 10 स्पीड ग्रुपसेटसाठी अॅल्युमिनियमची बॉडी केली, पण स्प्लाइन मुद्दाम उंच ठेवल्या, म्हणजे टेकायला जास्त जागा. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर होतं. पण त्यावर जुनी 9 स्पीड कॅसेट बसेना, फक्त 10 स्पीडच चालायची, आणि लोक वैतागले. पुढच्या पिढीत कंपनी गुपचूप जुन्या आकाराच्या टायटॅनियम बॉडीवर परत आली. माझ्या मते हाच खरा फाटा होता, तेव्हा उंच स्प्लाइन सगळीकडे लागू झाल्या असत्या तर पुढची दहा-पंधरा वर्षं कानस घेऊन बसावं लागलं नसतं. पण जुनी कॅसेट चालली पाहिजे हा आग्रह आपल्याच लोकांचा, त्यामुळे सगळा दोष कंपन्यांवर टाकता येत नाही.

नंतरचं बऱ्याच जणांना तोंडपाठ असेल. 2009 मध्ये स्राम या अमेरिकन कंपनीने 2x10 (पुढे दोन, मागे दहा) साठी 11-36 दात्यांची कॅसेट काढली, स्टीलच्या एकाच ठोकळ्यातून पोखरून काढलेली आणि मोठा कॉग अॅल्युमिनियमचा, बॉडीवर जोर जातो तो त्या मोठ्या कॉगमधून. अलॉय बॉडीला याहून सौम्य कॅसेट एचजीवर क्वचितच झाली, पण किंमत ऐकून माणूस खाली बसायचा. 2012 मध्ये त्यांनीच 10-42 साठी एक्सडी बॉडी आणली, कारण 10 दात्यांचा कॉग एचजी बॉडीवर मावतच नाही. त्यात स्प्लाइन फक्त आतल्या टोकाला आणि कॅसेट जवळपास एकसंध, म्हणजे रुतायचा प्रश्न जाता जाता सुटला. 2018 मध्ये जपान्यांनी मायक्रो स्प्लाइन आणलं, नऊच्या जागी बारीक 23 कडा, भार तेवढ्या जागांवर वाटला जातो. इथेही मूळ हेतू 10 चा कॉगच होता.

एचजी संपेल असं तेव्हा वाटलं होतं. पण त्याच 2018 मध्ये अमेरिकन कंपनीनेच जुन्या बॉडीसाठी 11-50 ची 12 स्पीड कॅसेट काढली, कारण जगात एचजी चाकं ढिगाने पडली आहेत. ज्यांच्याकडे ती चाकं अलॉय बॉडीची आहेत त्यांच्यासाठी जुने नियम तसेच लागू. लॉकरिंग 40 न्यूटन मीटरला टॉर्क पान्ह्याने आवळायची, हाताच्या अंदाजाने नाही, कारण ढिली राहिली की कॉग प्रत्येक पेडलला पुढेमागे होत बॉडीवर घाव घालतात. कॅसेट वर्षातून एकदा काढून बघायची. खाचांच्या तोंडाशी धातू फुगून वर आला असेल तर तेवढा फुगवटाच चपट्या कानशीने सपाट करायचा, खाच बुजवायच्या नादात अख्खी कड तासायची नाही, नाहीतर नवीन कॅसेट डुगडुगते.

आणि ई-बाइक आल्यावर गाडी परत स्टीलकडे वळली. क्रँकवरची मोटर 85 न्यूटन मीटर, कधी त्याहूनही जास्त टॉर्क देते, तो माणसाच्या जोरात मिळवायचा, म्हणून ई-बाइकच्या हबला स्टीलची बॉडी पुष्कळदा मिळते आणि वजनाची तक्रार कुणी करत नाही. 2021 मध्ये जपानी कंपनीने लिंकग्लाइड आणलं, जाड टिकाऊ कॉग, सुरुवात 11 दात्यांपासून, आणि बॉडी कुठली, तर तीच नऊ स्प्लाइनची एचजी.