माहेरी परतलेल्या आईचा पुनर्विवाह : पार्श्वभूमी

पतीच्या निधनानंतर मुलांना घेऊन मुंबईला माहेरी परतलेल्या आणि पुढे तिथल्याच ओळखीपाळखीत कुणावर जीव जडलेल्या स्त्रीच्या लग्नाचा विषय घरात निघाला, की आज उघड विरोध क्वचितच होतो. पण ‘मुलांचं काय?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. हा प्रश्न फार जुना आहे, आणि सुधारणेच्या इतिहासाने तो बराच काळ बाजूला ठेवला.

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला खरा, परंतु पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मालमत्तेवरील विधवेचा हक्क संपेल, असे त्यातच एक कलम होते. दुसरे कलम आईला अधिक जाचक होते: पतीने मृत्युपत्राद्वारे तिला मुलांची पालक नेमले नसेल, तर तिच्या लग्नानंतर त्याच्या नातेवाइकांना न्यायालयात जाऊन मुलांसाठी दुसरा पालक नेमवून घेता येत असे. बालविधवेला या कलमाची झळ लागत नव्हती. आईला मात्र लग्न आणि मूल यांतले एकच हाती राहील, या भीतीने जगावे लागे.

मुंबईत या चळवळीचा कणा विष्णुशास्त्री पंडित होते. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा विधवाविवाहावरील ग्रंथ त्यांनी मराठीत आणला आणि १८६९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत झालेला विधवाविवाह गाजला. त्यात सहभागी झालेल्यांवर बहिष्कार पडला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला. या वादांत अजाण वयात वैधव्य आलेल्या मुलीची कणव हाच सुधारकांचा मुख्य आधार होता. तो आधार योग्यच होता. पण संसार केलेल्या, मुले असलेल्या स्त्रीलाही पुन्हा सोबत हवीशी वाटू शकते, हे म्हणायला त्यात फारशी जागा उरली नाही.

पुरुषाच्या बाबतीत ही अडचण कधीच नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक, बालविधवा गोदूबाई, यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. या विवाहाबद्दल कर्व्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, तो वधू विधवा होती म्हणून. वराला पहिल्या पत्नीचा मुलगा होता, याचे कुणाला वावगे वाटले नाही. भाषेतही तेच दिसते. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषासाठी ‘बिजवर’ हा सरळ शब्द आहे, तर स्त्रीच्या वाट्याला ‘पाटाची बायको’ आली. ज्या अनेक जातींत पाट किंवा मोहतूर, म्हणजे स्त्रीच्या पुनर्विवाहाचा विधी, रूढ होता, तिथे स्त्रीला पुन्हा घर मिळे, हे मोठेच. पण तो विधी बहुधा रात्री, वाजंत्रीशिवाय उरकला जाई आणि पहिल्या घरचे मूल पुष्कळदा त्या घराकडेच राही.

कायदा हळूहळू बदलला. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर पतीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता पुनर्विवाहामुळे विधवेच्या हातून जात नाही. वडिलांच्या पश्चात आईच मुलांची नैसर्गिक पालक असते, आणि पुनर्विवाहानंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकारही तिचाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता.

तरी माहेरच्या चाळीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अजून असे घडते, की गॅलरीतून दारोदार फिरणारे तबक तिच्या दाराशी येते, आतून तिची आई पुढे होते, कुंकू लावून घेते, आणि लेक तिळगूळ घेण्यापुरता हात पुढे करते. व्यवहारातली अडचणही आहेच: सरकारी नोकरीतल्या पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर विधवेला चालू राहील की नाही, हे त्या त्या सेवेच्या नियमांवर ठरते, आणि त्याच रकमेवर मुलांची फी भरणाऱ्या आईला विवाहनोंदणीची नोटीस देण्याआधी तो हिशेब मांडावाच लागतो.