हेडाचं लिंबू आणि जवसाचं तेल

‘शंभर टक्के हाताने रंगवलेलं अस्सल तैलचित्र, म्युझियम क्वालिटी, आठ दिवसांत घरपोच.’ सतराव्या शतकातल्या डच स्थिरचित्रांच्या, म्हणजे स्वयंपाकघरातली आणि जेवणाच्या मेजावरची भांडी, पाव, मासे, लिंबं दाखवणाऱ्या चित्रांच्या प्रती अशा जाहिरातींनी विकल्या जातात. चित्र हाताने रंगवलेलं असेलही. पण अस्सल तैलरंगाचे चार-पाच थर आठ दिवसांत तयार होत नाहीत. याचा कलाकाराच्या वेगाशी संबंध नाही, तेलाच्या रसायनाशी आहे.

नमुना म्हणून विलेम हेडाचं १६३५ सालचं चित्र घेऊ. हेडा नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराचा चित्रकार. हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, लाकडी फळीवर, ८८ बाय ११३ सेंटिमीटर. पांढरं मेजकापड, जस्तासारख्या करड्या धातूच्या ताटल्या, कालवं, पाव, सोनेरी पेला आणि अर्धवट सोललेलं लिंबू. जवळपास सगळं चित्र करड्या-तपकिरी छटांत आहे, त्यामुळे नजर थेट लिंबावर जाते.

रंग ‘वाळतो’ म्हटलं की आपल्यासमोर दोरीवरचे कपडे येतात. जलरंग आणि ॲक्रिलिक तसेच वाळतात, पाणी उडून जातं. तैलरंगातलं जवसाचं तेल मात्र उडत नाही. काचेवर त्याचा पातळ थर देऊन रोज वजन केलं, तर सुरुवातीचे काही दिवस ते वाढत जातं, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. हे जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेल्या तीन लांब कार्बन-साखळ्या. जवसाच्या तेलातल्या निम्म्याच्या आसपास साखळ्या लिनोलेनिक आम्लाच्या असतात आणि त्या प्रत्येकीत तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध अडकलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन अगदी सैल धरलेले असतात. त्यातला एक निसटला की तिथे एकटा इलेक्ट्रॉन उरतो आणि ऑक्सिजन लगेच येऊन चिकटतो. तयार झालेला पेरॉक्सी गट शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो, तिथे पुन्हा एकटा इलेक्ट्रॉन, पुन्हा ऑक्सिजन. पेरॉक्साइड फुटतात आणि त्यांचे तुकडे शेजारच्या साखळ्यांना जोडले जातात. अशा लाखो गाठी पडल्या की वाहतं तेल एकसंध जाळं बनतं. नव्या तैलचित्राचा तो ओळखीचा वास याच तोडफोडीत सुटणाऱ्या लहान अल्डिहाइडांचा. शेंगदाणा तेलात एकाच दुहेरी बंधाच्या साखळ्या जास्त, म्हणून त्यात मिसळलेला रंग कधीच नीट घट्ट होत नाही. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी किंवा एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर साचणारा चिकट थर मात्र याच रसायनाचा, अर्ध्यात अडकलेला.

ही साखळी ऑक्सिजनवर चालते आणि ऑक्सिजन वरून येतो, म्हणून वरची कातडी आधी आवळते आणि खालचं मागाहून. खालचा थर तेलकट आणि वरचा कमी तेलाचा असेल, तर वरचा कडक झाल्यावरही खालचा हलत राहतो आणि वर भेगा पडतात. म्हणून अशी प्रत स्वतः रंगवायची तर नियम असा, की पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रॉ अंबरचा, म्हणजे तपकिरी मातीच्या रंगाचा, त्यात वेगळं तेल नाही. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडं थोडं वाढवायचं. रॉ अंबरमधलं मँगनीज या अभिक्रियेला गती देतं, म्हणून तो थर एक-दोन दिवसांत घट्ट होतो. हाडांच्या कोळशाच्या काळ्या रंगाला मळताना तेल खूप लागतं आणि त्याला आठवडाही पुरत नाही. म्हणून काळी पार्श्वभूमी जाड लावून दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढरं कापड रंगवायला घेतलं, की वर्षभरात कापडाला तडे जातात. घाईसाठी कोबाल्ट ड्रायर, म्हणजे रंग लवकर वाळवणारं द्रव्य, जास्त घातला, तर वरची कातडी भराभर फुगते आणि सायीसारख्या सुरकुत्या पडतात.

जवसाचं तेल विदर्भात घरोघरी माहीत आहे, पण खायचं तेल रंगासाठी घेऊ नये. त्यात व्हिटॅमिन ई घातलेलं असेल तर तेच ही साखळी रोखून धरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉईल्ड’ तेलही नको. त्यात ड्रायर असतात आणि ते फार पिवळं पडतं.

आता लिंबू. त्या काळात लिंबाचा पिवळा म्हणजे शिसं आणि कथील एकत्र भाजून केलेला लेड-टिन यलो. हा रंग १७५० च्या सुमारास वापरातून गेला. म्युनिकच्या डोर्नर संस्थेत रिचर्ड याकोबी यांनी १९४१ मध्ये तो जुन्या चित्रांत पुन्हा ओळखेपर्यंत त्याचा विसरच पडला होता. तो विषारी आहे, म्हणून आज निकेल टायटॅनियम यलोत किंचित पांढरा मिसळून जवळ जाता येतं. सावलीत काळा घालू नये, पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा होतो. पिवळी गेरू आणि चिमूटभर अंबर घ्यावा. सालीचे बारीक फोड रंगवायचे नाहीत, उभे करायचे. घट्ट रंगाचे ठिपके टोकदार ब्रशने ठेवून द्यायचे, म्हणजे खोलीतला खरा प्रकाश त्यांच्यावर पडतो. छापील प्रतीत नेमकं हेच नसतं. पांढरा घेताना ट्यूबवर ‘पीडब्ल्यू ४’ लिहिलंय का पाहावं. ते झिंक व्हाइट, आणि तेलात ते थर ठिसूळ करतं. ‘टायटॅनियम’ नावाच्या कित्येक ट्यूबांतही ते मिसळलेलं असतं.

रंगात मिसळायचं जुन्या उस्तादांचं ‘गुप्त माध्यम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. जुन्या डच चित्रांचे नमुने तपासले, की बहुतेक वेळा साधं जवसाचं तेलच सापडतं, कधी तापवून दाट केलेलं. आणि फळांचं चित्र स्वयंपाकघरात लावलं की बरकत येते, हा वास्तूवाल्यांचा सल्ला तर चित्राचं नुकसानच करतो. ओट्यासमोरच्या भिंतीवर फोडणीची वाफ आणि तेलाचे कण ओल्या थरावर बसतात. ताजं चित्र खोक्यात बंद ठेवू नये, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडाच्या खोलीत, थेट उन्हापासून दूर ठेवावं.

तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टोपलीत टाकू नयेत. अभिक्रियेची उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

वॉर्निश किमान सहा महिन्यांनी. त्याआधी कापसाचा बोळा बिनवासाच्या मिनरल स्पिरिटमध्ये भिजवून एका कोपऱ्यात हलकेच फिरवावा. बोळ्यावर रंग उतरला तर आणखी दोन महिने थांबायचं. बहुतेक वेळा आधी काळाच उतरतो.