रानातल्या ओढ्याचा फोटो: आधी सीपीएल, एनडीचं नंतर बघा

पाऊस लागला की ठोसेघर, बामणोली, चांदोलीकडच्या ओढ्यांचे फोटो येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग हा सल्लाही: सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) काय, एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) काय, दोन्ही लेन्सपुढे लावायच्या काळ्याच काचा, कुठलीही लाव, पाणी मऊ येईल. हे साफ चूक आहे आणि त्यापायी चांगली चांगली दृश्यं वाया जातात.

एनडी सर्वांना माहीत आहे. सगळा प्रकाश सारखाच कमी करायचा, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि पाणी मऊ दिसतं. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा: एनडी ८ तीन स्टॉप, एनडी ६४ सहा, एनडी १००० दहा.

सीपीएलही दीड-दोन स्टॉप खातो, घोळ इथूनच सुरू होतो. पण त्याचं खरं काम चकाकी काढणं. ओला काळा कातळ, शेवाळ, पानं यांच्यावर ढगाळ आभाळ पांढुरकं चमकत असतं. पृष्ठभागावरून परतलेला हा प्रकाश बराचसा ध्रुवीभूत (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो. काच फिरवली की तो अडतो, पानांचा हिरवा रंग खुलतो, तळाचे दगड दिसू लागतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तर परिणाम सर्वांत जास्त. थेट वरून खाली पाहिलं तर जवळपास शून्य. फेसाचा पांढरेपणा मात्र जात नाही, जायलाही नको.

ही चकाकी एडिटिंगमध्ये निघत नाही. हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढले की पांढरं पान राखाडी होतं, हिरवं नाही. त्याचा रंग सेन्सरपर्यंत धड पोचलेलाच नसतो. डीहेझ (धूसरपणा काढणारा स्लायडर) वाढवला तर कातळ कोळशासारखा होतो. उलट एनडीचं काम घरी करता येतं: ट्रायपॉडवरून १/१५ सेकंदाचे १६ फोटो लागोपाठ घ्या, फोटोशॉपमध्ये एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये रचा आणि स्टॅक मोड 'मीन' (सरासरी) करा. साधारण एका सेकंदाचं पाणी मिळतं.

शिवाय दाट झाडीत एनडी लागतो कुठे? ढगाळ दिवशी सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ छिद्राला शटर पाव सेकंदाच्या आसपास येतं. सीपीएल लावला की पाऊण ते एका सेकंदावर. ओढ्याला तेवढंच हवं. धारा वेगळ्या दिसतात, वेग कळतो. एनडी १००० लावला तर पाव सेकंदाची चार मिनिटं होतात आणि पाण्याचं नुसतं धुकं उरतं. त्यात ओढा कुठे राहिला?

व्हेरिएबल एनडीने (फिरवून काळेपणा कमी-जास्त करता येणाऱ्या काचेने) दोन्ही कामं भागतील असंही समजू नका. त्यात दोन पोलरायझर एकावर एक असतात, त्यामुळे अंधार आणि चकाकी हवी तशी वेगवेगळी जुळवता येत नाही. टोकाला नेला की वाइड लेन्सवर काळी फुली उमटते ती वेगळीच.

सीपीएल दर वेळी पूर्ण फिरवू नका. डोहात झाडांचं हिरवं प्रतिबिंब असेल तर थोडा मागे घ्या. पानं वाऱ्याने हलत असतील तर तीच चौकट आयएसओ १६०० ला पुन्हा टिपा, म्हणजे शटर सोळा पट जलद होतं, आणि एडिटिंगमध्ये मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) फक्त पानं त्यातून घ्या. दोन्ही फोटोंत काचेचा कोन तोच ठेवा, नाहीतर हिरवा रंग जुळत नाही.