भास-भ्रमांवर बोलून उपचार: ‘सर्वांना द्या’ या शिफारशीची पार्श्वभूमी

सायकोसिस, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं (भास) किंवा खोट्या समजुती पक्क्या होणं (भ्रम), असलेल्या रुग्णाशी त्याच्या भ्रमाविषयी बोलत बसू नये, असं डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं. वाद घातला तरी भ्रम पक्का होतो आणि मान डोलावली तरी होतो. म्हणून विषय बदला, गोळ्या वेळेवर घेतो का ते विचारा आणि पुढच्या महिन्याची तारीख द्या. गर्दीच्या ओपीडीत आजही बहुतेक ठिकाणी हेच चालतं. अशा परिस्थितीत २००९ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं, की स्किझोफ्रेनिया हा सायकोसिसचा आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला सीबीटी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासायला मदत करणारा बोलून केलेला उपचार, देऊ करावी. एकास एक भेटून, किमान १६ सत्रं, आणि आजार ऐन भरात असतानाही. या शिफारशीवरून पुढची पाच-सहा वर्षं जे रणकंदन झालं, त्याचा धागा आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येतो.

त्याआधीचं थोडक्यात. १९१३ मध्ये एका जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने लिहून ठेवलं की खरा भ्रम हा माणसाच्या आयुष्यातून उलगडून समजूनच घेता येत नाही. मनोविश्लेषणाच्या जनकालाही या रुग्णांवर आपली पद्धत चालेल असं वाटत नव्हतं. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुण मानसोपचारतज्ज्ञाने, जो पुढे नैराश्यावरच्या सीबीटीसाठी जगभर ओळखला गेला, एका माजी सैनिकाची केस प्रसिद्ध केली. सरकारी गुप्तहेर आपल्यावर पाळत ठेवतात असं त्या सैनिकाला वाटत होतं. डॉक्टरने त्याला खोटं पाडलं नाही. नेमका संशय कोणावर, कशावरून, हे त्याच्याबरोबर बसून तपासलं. पण त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं. गोळीने आठवड्यांत फरक दिसत असताना महिनोन्‌महिने बोलत बसण्याची कल्पना मागे पडली, यात नवल नाही.

ती परत आली औषधांच्या मर्यादा दिसू लागल्यावर. नियमित गोळ्या घेऊनही आवाज जात नाहीत असे रुग्ण प्रत्येक दवाखान्यात होते. १९८० च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ त्यांनाच विचारू लागले, की आवाज आल्यावर तुम्ही स्वतः काय करता? कोणी गाणं लावत होतं, कोणी फिरायला जात होतं, कोणी आवाजाला उलट ओरडत होतं. १९८७ मध्ये नेदरलँड्समधल्या एका टीव्ही कार्यक्रमानंतर आवाज ऐकू येणाऱ्या शेकडो लोकांनी फोन केले, आणि त्यातले बरेच कधीच मानसोपचाराकडे गेलेले नव्हते. मग १९९४ मध्ये बर्मिंगहॅमकडच्या संशोधकांनी एक कळीचा मुद्दा मांडला: रुग्णाला सगळ्यात जास्त छळते ती त्या आवाजाबद्दलची त्याची समजूत. हा आवाज सर्वशक्तिमान आहे, त्याचं ऐकलं नाही तर घरच्यांचं वाईट होईल, ही ती समजूत.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, यासाठी आपल्या नागपूरचंच उदाहरण कल्पून पाहू. मे महिना, खिडकीत कूलर. एका मुलाला कूलरच्या आवाजात शेजारच्या काकांचं बोलणं ऐकू येतं, ‘हा कामाचा नाही, याला संपवा.’ घरचे म्हणतात, ‘काहून असं करतो बाप्पा, कोणी नाही तिथं.’ सायकॉलॉजिस्ट तसं म्हणत नाही. ती विचारते, ‘काका असं बोलतात याची तुम्हाला शंभरपैकी किती खात्री?’ तो म्हणतो पंच्याण्णव. मग कूलर बंद असताना, काका गावाला गेलेले असताना, रात्रभर झोप झाली नसताना आवाज कधी वाढतो आणि कधी कमी होतो, याची तो स्वतः वहीत नोंद ठेवतो. काही आठवड्यांनी आकडा साठवर येतो. आवाज कदाचित तसाच राहतो, पण तो गच्चीवर जायला लागतो, कॉलेजचा फॉर्म भरतो. गोळ्या चालूच असतात.

आता वादाकडे. सीबीटीची शिफारस २००२ च्या सूचनांतही होती, २००९ मध्ये ती ‘सर्वांना’ झाली आणि २०१४ च्या सुधारित आवृत्तीत तशीच राहिली. त्याच २०१४ मध्ये ब्रिटनमधल्याच संशोधकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र करून मोजमाप केलं. लक्षणांवरचा एकूण परिणाम निघाला ०.३३. अशा मोजणीत ०.२ म्हणजे लहान आणि ०.५ म्हणजे मध्यम धरतात. खरी ठिणगी पडली ती दुसऱ्या आकड्यामुळे. भास-भ्रमांसारख्या लक्षणांवर, परीक्षकाला कोणत्या रुग्णाला थेरपी मिळाली हे ठाऊक होतं तिथे परिणाम ०.५७ होता, आणि ठाऊक नव्हतं तिथे ०.०८. म्हणजे जवळपास शून्य. लंडनमध्ये ‘या थेरपीचा अतिप्रचार झाला आहे’ याच विषयावर जाहीर वादविवाद झाला.

०.०८ हा आकडा झटकून टाकता येणार नाही. पण तो कशावर मोजला हेही पाहायला हवं. यातल्या बहुतेक चाचण्यांत रुग्ण आधीच औषधांवर होते. औषधाचा फायदा होऊन गेल्यावर जे उरलं, त्यावर थेरपीची परीक्षा झाली. शिवाय मोजपट्टी लक्षणं मोजते. ‘आवाज येतो का’ या प्रश्नाचं उत्तर त्यात दिसतं, ‘आवाजाला भिऊन घरात बसता का’ याचं फारसं दिसत नाही. थेरपीचा दावा मुळात दुसऱ्या प्रश्नाबद्दलचा होता, आणि समर्थकांनीही सुरुवातीपासून तोच ठामपणे मांडायला हवा होता, असं मला वाटतं.

त्याच २०१४ मध्ये औषध न घेणाऱ्या ७४ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि गोळ्यांना पर्याय सापडल्यासारखा सूर बातम्यांत लागला. चाचणी लहान होती, बरेच जण मधेच गळाले होते, आणि थेरपीची औषधाशी तुलना तिने केलीच नव्हती. ही बातमी वाचून कोणी गोळ्या बंद केल्या असतील तर ते फार वाईट झालं. स्कॉटलंडने मात्र २०१३ मध्ये वेगळी वाट धरली होती: औषधाने ज्यांना पुरेसा उतार पडला नाही आणि ज्यांची लक्षणं टिकून आहेत, त्यांना सीबीटी द्या. साधनं कमी असलेल्या प्रदेशाने नमुना घ्यायचाच तर मला हाच जास्त प्रामाणिक वाटतो. पुढे संशोधनही लहान लक्ष्यांकडे वळलं. २०१५ मध्ये न जाणारे भ्रम असलेल्या १५० जणांवर, भ्रमाला थेट हात न लावता फक्त सततच्या काळजीवर सहा सत्रं दिली गेली, तेव्हा काळजीबरोबर भ्रमही ओसरला.

आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. नागपुरातलं छिंदवाडा रोडवरचं मनोरुग्णालय १८६४ चं. ताजबाग दर्ग्याच्या ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये याच ठिकाणी ठेवलं होतं आणि १९०८ मध्ये भोसले राजांनी त्यांना बाहेर आणलं, हे नागपूरकरांना सांगायला नको. आवाज ऐकू येणाऱ्या माणसाकडे या शहरात एकाच नजरेने पाहिलं जात नाही. आई ताजबागला नेते, मोठा भाऊ मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आत्या करणी झाली म्हणते, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं गुन्हा ठरलं. त्याने मार थांबवता येतो, पण करणीची समजूत घेऊन ओपीडीत आलेल्या घराशी बोलायचं कसं, हे डॉक्टरलाच ठरवावं लागतं.

इंग्लंडची पद्धत इथे जशीच्या तशी बसत नाही, याला अभ्यासाचाही आधार आहे. कॅलिफोर्निया, चेन्नई आणि घानातली अक्रा इथल्या साठ जणांशी बोलून झालेल्या एका अभ्यासात चेन्नईतल्या अनेकांचे आवाज नातेवाइकांचे निघाले, घरकाम सांगणारे, रागावणारे. आवाज सासूचा असेल तर घराला बाहेर ठेवून थेरपी चालायची कशी? पाकिस्तानात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत म्हणूनच सोळाऐवजी सहा सत्रं ठेवली, शिवाय एक सत्र कुटुंबासाठी, आणि लक्षणांत फरक दिसला. भारतात सातारा, गोवा आणि तमिळनाडूत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांकडून घरी जाऊन मदत देण्याची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. ती सीबीटी नव्हती आणि फायदा मर्यादित होता, पण हे काम फक्त डॉक्टरच करू शकतो ही समजूत तिने सैल केली.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २०१८ मध्ये लागू झाला आणि उपचार मिळणं हा हक्क ठरला. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तर त्याहून कमी. गडचिरोली किंवा गोंदियाहून येणाऱ्या कुटुंबाला सोळा आठवडे सोळा फेऱ्या म्हणजे दर वेळी दोन माणसांचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. सहा सत्रांची आवृत्ती मराठीत, वऱ्हाडी-झाडीबोलीच्या वळणाने तयार करून ती जिल्हा रुग्णालयातल्या नर्सला आणि समाजसेवकाला शिकवायची की तज्ज्ञांची पदं भरण्याची वाट पाहायची, हे अजून ठरायचं आहे.