तलावाचा जीव उथळ पाण्यात

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जमिनीचा उतार हेरून मातीची पाळ घातलेले हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून मुख्यतः कोहळी समाजाने ते धानासाठी आणि उसासाठी बांधले. एका तलावाचे जादा पाणी सांडव्यावरून, म्हणजे येथील बोलीत सलंगावरून, खालच्या तलावात जाईल अशी त्यांची साखळी अनेक ठिकाणी आजही दिसते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव शासनाकडे गेले आणि माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव, या नावाने सरकारी दप्तरात नोंदले गेले. पाळीची डागडुजी, तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, देखभाल आणि पाण्याची पाळी ठरवणारी गावची व्यवस्था त्यानंतर हळूहळू मोडली. गाळ साचला, काठांवर अतिक्रमणे झाली आणि पुष्कळ तलाव निम्मे-अर्धे उरले.

या तलावांची दुरुस्ती म्हटली की आजही पहिला विचार खोलीकरणाचा होतो. २०१७ मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ शेतात नेण्याला चांगली चालना मिळाली. सिंचनाच्या दृष्टीने गाळ काढणे आवश्यकच आहे. मात्र यंत्राने सरसकट खोदून काठ उभे केले, तर पाण्याचा साठा वाढूनही तलाव जैविकदृष्ट्या ओसाड होऊ शकतो, कारण तलावातील बहुतांश जीवसृष्टी खोल पाण्यावर अवलंबून नसते. तिचा आधार गुडघा-कंबरभर पाण्याच्या पट्ट्यात असतो.

जुन्या तलावाला पाळ साधारणपणे एकाच बाजूला असते. उरलेल्या बाजूंनी पाणी जमिनीच्या मंद उतारावर पसरते, त्यामुळे उथळ पट्टा फार रुंद मिळतो. तेथे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि तळाच्या चिखलात वनस्पती मुळे धरू शकतात. अगदी काठाला लव्हाळी आणि देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतो. थोडे आत कमळ आणि कुमुद यांची पाने पाण्यावर तरंगतात. त्याहून आत हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सिरॅटोफायलम अशा पूर्ण बुडालेल्या वनस्पती असतात. या बुडालेल्या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांच्या पानांवर शेवाळाचा पातळ थर चढतो, त्या थरावर सूक्ष्म जीव, गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या जगतात आणि माशांची पिल्ले त्यांच्यावर वाढतात. मोठ्या माशांपासून लपायलाही त्यांना याच जाळीत जागा मिळते.

मासेमारीच्या अर्थकारणाशीही याचा थेट संबंध आहे. मत्स्य सहकारी संस्था तलावांत मुख्यतः रोहू, कटला आणि मृगल यांचे बीज सोडतात. हे मासे मूळचे वाहत्या नदीचे असून पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तलावात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही, म्हणून बीज पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागते. याउलट मरळ आणि अनेक लहान देशी मासे त्याच तलावाच्या वनस्पतींत अंडी घालतात. मरळीची जोडी तर पाणवनस्पतींमध्ये मोकळी जागा करून पिल्लांची राखण करते. ज्या तलावात वनस्पती आहेत तेथे हे मासे विकत न घेता दरवर्षी मिळतात आणि त्यांचा लाभ ज्याच्याजवळ केवळ एक लहान जाळे आहे अशा मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या कुटुंबालाही होतो. काही ठिकाणी उत्पादन वाढवण्याच्या हेतूने गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, सोडला गेला. त्याचे अन्नच बुडालेल्या वनस्पती असल्याने त्याची संख्या वाढली की देशी माशांचे पाळणाघर मोडते.

दुसरे मोठे संकट म्हणजे बेशरम. ही उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली झुडपासारखी वनस्पती असून तिच्या खोडाचा तुकडाही ओल्या चिखलात रुजतो. पाने विषारी असल्यामुळे जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. कोरड्या हंगामात उघड्या पडलेल्या काठावर ती पसरते, पावसाळ्यात पाण्यात उभी राहते आणि तिच्या दाट सावलीत देशी वनस्पती तग धरत नाहीत. तिची पाने व खोडे कुजून तळाशी साचतात, पट्टा अधिक उथळ होतो आणि बेशरमीला आणखी जागा मिळते.

या प्रश्नावर भंडारा-गोंदिया भागात झालेले स्थानिक काम मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण त्याची सुरुवात वनस्पतींपासून झाली. मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने काम करणारे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवर समाजाबरोबर, विशेषतः अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तलावांच्या जैविक पुनरुज्जीवनाचे काम करते. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणते गवत कोणत्या पक्ष्याचे खाद्य आहे आणि कोणती वनस्पती तलावातून कधी नाहीशी झाली, ही माहिती वयस्कर मासेमारांकडे होती. तिचा उपयोग करून कामाची दिशा ठरली. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट काढायची, तिचे तुकडे चिखलात राहू द्यायचे नाहीत, तळाची जमीन भुसभुशीत करायची आणि पाऊस पडल्यावर सुस्थितीतील तलावांतून आणलेल्या देशी वनस्पती तेथे लावायच्या, असे हे काम आहे. लागवडीत महिलांचा वाटा मोठा आहे, आणि धानाच्या रोवणीत मुरलेल्या हातांना चिखलात रोपे खोवणे नवीन नाही. ज्या तलावांत हे काम टिकले तेथे देशी मासे आणि पाणपक्षी परतल्याचा अनुभव आहे.

बेशरम एकदा काढून भागत नाही, कारण वरच्या तलावातून वाहून आलेला एखादा तुकडाही खाली रुजू शकतो. म्हणून काम तलावांच्या साखळीचा विचार करून आणि वर्षानुवर्षे करावे लागते. तलावांना जोडणारे नालेही त्यात धरले पाहिजेत. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात मासे नाल्यातून आणि सलंगावरून वर चढतात. दुरुस्ती करताना तेथे काँक्रीटचा उभा कडा बांधला गेला, तर ही वाट बंद होते. उतरत्या दगडी पायऱ्यांनी पाळ तितकीच सुरक्षित राहते आणि माशांचा मार्गही खुला राहतो.

उथळ पाण्याचे महत्त्व पक्ष्यांवरून अधिक स्पष्ट होते. कमळपक्षी तरंगत्या पानांवरच घरटे करतो आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो. तरंगती पाने गेली की त्याला घरट्यासाठी जागाच उरत नाही. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी असून तो सुमारे १.८ मीटरपर्यंत उंच होतो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य अधिवास आज गोंदिया जिल्ह्यातील तलाव, धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आणि वैनगंगा व बाघ नद्यांचे काठ एवढाच उरला आहे. पावसाळ्यात सारसाची जोडी उथळ पाण्यात किंवा बांधीतच गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालते. सुमारे महिनाभर नर आणि मादी ती आळीपाळीने उबवतात. पिल्लाला उडता येण्यास पुढे आणखी तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे धान रोवल्यापासून कापणीपर्यंतचा जवळजवळ पूर्ण हंगाम हे कुटुंब एखाद्या शेतकऱ्याच्या मर्जीवर असते. घरट्यापुरते धान आडवे होते, कीटकनाशकांचा धोका असतो, मोकाट कुत्री असतात आणि विजेच्या तारांना धडकून मोठे सारसही मरतात. गोंदियातील ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते वन विभागाच्या आणि गावकऱ्यांच्या मदतीने सारसांची गणना करतात, घरट्यांवर लक्ष ठेवतात आणि शेतकऱ्यांना घरटे राखण्यास तयार करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर जिल्हा पातळीवर संवर्धनाच्या आराखड्यांना गती मिळाली. सारस केवळ संरक्षित जंगलात वाचणार नाही. हंगामात त्याला बांधी लागते, आणि उन्हाळ्यात तलावाच्या ओसरत्या काठावरचे कंद, बेडूक आणि कीटक लागतात. त्यामुळे काठावरची लव्हाळी उपटून केलेले सुशोभीकरण या पक्ष्याचे अन्न काढून घेते.

कायद्याची बाजू मात्र कमकुवत आहे. पाणथळ जागांसाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये केलेल्या नियमांतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. शेकडो वर्षांत नैसर्गिक पाणथळीचे सर्व गुण अंगी आलेला मालगुजारी तलाव या व्याख्येमुळे संरक्षणाबाहेर राहतो, आणि हे वगळणे मला चुकीचे वाटते. हा नियम बदलेपर्यंत दोन कायदे उपयोगी पडू शकतात. वनहक्क कायदा, २००६ जलाशयांतील मासे व इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य करतो, त्यामुळे वनक्षेत्रातील तलावांसाठी ग्रामसभेला दावा करता येतो. जैवविविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. तलावातील मासे, वनस्पती, घरट्यांच्या जागा आणि अंडी घालण्याचा काळ त्या नोंदवहीत नीट लिहिला असेल, तर गावाच्या हाती लेखी पुरावा येतो.

हा पुरावा सर्वाधिक उपयोगी पडतो तो खोलीकरणाचे अंदाजपत्रक तयार होताना. गाळ पाळीजवळच्या खोल भागातून काढावा, वरच्या बाजूचा उथळ उतार जसाच्या तसा ठेवावा, देवधानाचा आणि कमळाचा पट्टा यंत्राला दाखवून वगळावा आणि ग्रास कार्प सोडू नये, एवढ्या चार अटी ग्रामसभेच्या ठरावात घालता येतात. हे पट्टे ठरवण्याचे काम उन्हाळ्यात यंत्र तलावात उतरण्यापूर्वी, शक्यतो हिवाळ्यातच झाले पाहिजे, कारण पाणी ओसरत असताना कोणता पट्टा जिवंत आहे हे काठाने चालत जाऊन मोजता येते आणि नकाशावर आखता येते.